सहाव्या पानावरची जाळी

अधारताल, जबलपूर
२ डिसेंबर २०२४

ती. श्रीरंगमामांस,
यामिनीचा नमस्कार.

शेजारचा अंबरीश उद्या नागपूरला निघून राहिला आहे, त्याच्या हाती कॅमेरा पाठवते आहे. तुम्हाला आता फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायला तुम्ही तयार नाही, म्हणून कॅमेऱ्याचं दुखणं कागदावर लिहिते. आईच्या सगळ्या चुलतभावांत कॅमेऱ्याचं पोट उघडून पुन्हा शिवणारे तुम्ही एकटेच.

दुखणी दोन आहेत. शटरचा वेग वाढवला की फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येते, कधी बोटभर, कधी नखभर. दुसरं दुखणं डागांचं. प्रत्येक फोटोत उजवीकडे खाली केसासारखी एक वाकडी रेघ, मधोमध एक गोल ठिपका, आणि डावीकडे वर पुसट असं काहीतरी. मी लेन्स पुसली. मग लेन्सच बदलली. तरी डाग तिथल्या तिथे! लेन्स बदलली तर डाग बदलायला नको का? तो तिथेच काहून राहतो? आणि गंमत म्हणजे घरात, कमी उजेडात काढलेल्या फोटोंत तो दिसतच नाही. मला रागापेक्षा नवल जास्त वाटून राहिलं आहे.

तुम्हाला माहीत आहेच, मी रिछाईतल्या कारखान्यांचे कॅटलॉग करते. पंप, वॉल्व, डाळ मिलची यंत्रं. नोव्हेंबरात देवदत्तजींच्या कूलरच्या कारखान्याचं काम केलं, तेव्हा पांढऱ्या भिंतीवरचे डाग कंप्युटरवर पुसता पुसता डोळे गेले.

कॅमेऱ्याचं घड्याळही बिघडलं आहे. कितीदा तारीख लावा, तो आपला २०१६ सालच्या पहिल्या जानेवारीवर जाऊन बसतो. नऊ वर्षांचा झाला, थकला असेल. वाचवता आला तर वाचवा.

तुमची,
यामिनी


धरमपेठ, नागपूर
११ डिसेंबर २०२४

चि. यामिनीस,
आशीर्वाद.

तुझा कॅमेरा वाचला. पण बाई, तू त्याला कुठे कुठे नेऊन राहिली!

आधी डागांचं सांगतो, कारण तू प्रश्न बरोबर विचारला. डाग लेन्सवर नाहीच. लेन्सच्या मागे, शटरच्याही मागे सेन्सर असतो आणि त्याच्यावर काचेचा पातळ थर असतो. धूळ त्या काचेवर बसते. लेन्स शंभरदा बदल, डाग हलणार नाही. उलट बदलताना तोंड वर करून बदलशील तर आणखी दोन पाहुणे आत जातील. लेन्सचं छिद्र बारीक असलं की प्रकाश सरळ रेषेत येतो, मग कणाची सावली स्पष्ट पडते. छिद्र मोठं केलं की सावली विरघळते. म्हणून घरातल्या फोटोत तुला ते दिसले नाहीत. आणि चित्र सेन्सरवर उलटं पडतं, म्हणून फोटोत खाली दिसणारी रेघ खरं म्हणजे काचेच्या वरच्या भागात होती. नवखा माणूस खालीच शोधत बसतो.

मी भिंग लावून पाहिलं. वरचा पुसट डाग डाळीच्या पिठाचा. वाकडी रेघ म्हणजे सुती धागा, बहुतेक तुझ्या ओढणीचा. ओढणीने कॅमेरा पुसत जाऊ नकोस. मधला ठिपका मात्र रिछाईचा नाही. तो तुझ्या शटरचाच तुकडा आहे.

शटर म्हणजे पात्यांचे दोन पडदे. पहिला उघडतो, दुसरा त्याच्या मागे धावत येऊन झाकतो. तुझा पहिला पडदा झिजला, धापा टाकत धावायला लागला, आणि दुसरा त्याला मधेच गाठायचा, म्हणून ती काळी पट्टी. आणि घासता घासता पात्याचा एक कण झडून काचेवर बसला.

नवं शटर बसवलं. काच साफ केली. घड्याळाचा सेल मेला होता, तोही बदलला. जुन्या शटरने १,६२,४८० क्लिक केले. हा आकडा मी काढला नाही. प्रत्येक फोटोच्या फाइलीत कॅमेरा तो गुपचूप लिहीत असतो, आणि नवं शटर बसवूनही मी तो शून्यावर आणला नाही, पुढे चालू ठेवला.

माझी एक खोड तुला सांगतो. साफ करण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याने मी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतो आणि तारीख घालून ठेवून देतो. वीस वर्षांच्या धुळी आहेत माझ्याकडे. दोन कॅमेऱ्यांची धूळ अजून कधी सारखी निघाली नाही. तुझ्या धुळीचा नकाशा वहीत १० डिसेंबरच्या पानाला जोडला आहे.

श्रीरंगमामा


अधारताल
२० जानेवारी २०२५

ती. मामांस,
नमस्कार.

कॅमेरा नवा झाल्यासारखा चालतो आहे. शटरचा आवाजही बदलला, आधी टाळी वाजल्यासारखा यायचा, आता नुसती चुटकी. पण महिन्याभरात वरच्या कोपऱ्यात तीन नवे ठिपके आलेत, अगदी वाटोळे, कडा गुळगुळीत. मी तर लेन्स तोंड खाली करूनच बदलते, ओढणीही लांब ठेवते. हे कुठून आले?

आणि एक विचारायचं होतं, सहजच. एखादा फोटो तुमच्या सफाईच्या आधीचा की नंतरचा, हे त्यातल्या डागांवरून सांगता येईल का? म्हणजे तारीख चुकीची असेल तरी? कोणाला पटेल असं?

इथे थंडी भरपूर. बाकी सगळं ठीक.

यामिनी


नागपूर
२९ जानेवारी २०२५

चि. यामिनीस,

तुझे तीन ठिपके धूळ नाहीत, तेल आहे. नव्या शटरला वंगण जास्त असतं. पहिल्या दोन-तीन हजार क्लिकांत ते बारीक थेंब उडवतं, मग शांत होतं. फुंकणीने जाणार नाहीत. घाई करू नकोस, मार्चमध्ये पाठव.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो. धागा, पीठ आणि तुकडा हे तिन्ही आपापल्या जागी असतील तर फोटो १० डिसेंबरच्या आधीचा. तेलाचे थेंब असतील तर नंतरचा. शिवाय फाइलीतला क्लिकचा आकडा माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा कमी की जास्त, तेही पाहता येतं. घड्याळ चुकेल, हे दोन्ही एकाच वेळी चुकणार नाहीत.

पण तू "सहजच" असं लिहिलंस, आणि तुझी आईही जेव्हा सहजच विचारायची तेव्हा काहीतरी मोठं असायचं. कोणाला पटवायचं आहे? आणि तो कूलरचा कॅटलॉग छापून आला असेल तर एक प्रत पाठव. माझ्या नकाशातल्या डागांपैकी किती तुझ्या नजरेतून सुटले ते मला बघायचं आहे. म्हाताऱ्याला दुसरा उद्योग काय!

श्रीरंगमामा


अधारताल
८ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

कॅटलॉग सोबत पाठवते आहे. आणि तुम्ही विचारलंच आहे तर सांगते.

देवदत्तजींच्या कारखान्यात पत्रा कापायची पॉवर प्रेस आहे. ९ जानेवारीला तिच्यावर काम करणाऱ्या नथ्थूच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पस्तिशीचा माणूस, अधारतालमध्येच राहतो, आमच्या गल्लीच्या मागे. अशा प्रेससमोर जाळीचा गार्ड असावा लागतो, म्हणजे हात आत जात नाही. देवदत्तजी म्हणतात, गार्ड होता, नथ्थूनेच त्या दिवशी काम लवकर उरकायला काढून ठेवला. नथ्थूची बायको मीरा म्हणते, गार्ड कधी नव्हताच, अपघातानंतर दुसऱ्या दिवशी लावला. प्रकरण सिविल लाइंसमध्ये लेबर ऑफिसात गेलं आहे. चूक नथ्थूची ठरली तर त्याचं सगळंच जाईल, नोकरीही आणि नावही.

कॅटलॉगच्या सहाव्या पानावर तीच प्रेस आहे, पिवळ्या जाळीसकट. पण कॅटलॉग छापून आला जानेवारीच्या शेवटी. मीराचं म्हणणं, हा फोटो अपघातानंतर काढला. देवदत्तजींनी मला एवढंच लिहून मागितलं आहे की फोटो नोव्हेंबरचा आहे. फाइलीवर तारीख तर २०१६ ची! म्हणून तुम्हाला विचारत होते. तुमचा नकाशा आणि वहीतला आकडा मिळाला तर फोटो नोव्हेंबरचा आहे हे सिद्ध होईल. आणि तो नोव्हेंबरचाच आहे, मामा. त्यात काही खोटं नाही.

मला फक्त जे आहे ते सांगायचं आहे. उत्तर लवकर द्या, देवदत्तजी रोज फोन करून राहिले आहेत.

यामिनी


नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. यामिनीस,

चार दिवस कॅटलॉग घेऊन बसलो. जे दिसलं ते लिहितो.

पांढऱ्या भिंतीवरचे डाग तू सगळे पुसलेस, हात चांगला आहे. यंत्रांच्या अंगावरचे सोडून दिलेस, कारण तिथे ते कोणाला दिसत नाहीत. मला दिसतात, कारण कुठे बघायचं ते मला माहीत आहे. नकाशा पारदर्शक कागदावर उतरवला, पानाच्या मापाचा केला आणि एकेका फोटोवर ठेवला. तिसरं पान, चौथं, सातवं, नववं, बारावं, सगळीकडे यंत्राच्या अंगावर धागा जिथल्या तिथे, तुकडा जिथल्या तिथे. जुनी ओळखीची माणसं भेटावी तसं वाटलं.

सहाव्या पानावर मधोमध तुकडा आहे. म्हणजे फोटो सफाईच्या आधीचा, हे तू खरं लिहिलंस. पण धागा नाही. जिथे धागा हवा तिथे पिवळी जाळी आहे, आणि जाळीवर धाग्याचा मागमूस नाही.

मला वाटलं, तू तिथे पुसला असशील. पण मग जाळीवरच एक गोल ठिपका सापडला, मधल्या तुकड्याचा सख्खा भाऊ, तोच आकार, तीच कड. एकच कण एका फोटोत दोन जागी! वीस वर्षांत असं पाहिलं नाही. अर्धा दिवस मी माझ्याच भिंगावर संशय घेत होतो. मग नववं पान उघडलं. तिथे दुसरं यंत्र आहे, त्यालाही पिवळी जाळी आहे, आणि ती बरोबर मधोमध येते. तुकड्याचा ठिपका तिच्यावरच बसला आहे.

काचेवरचा कण जागा सोडत नाही. नवव्या पानावरून सहाव्या पानावर तो चालत गेला नसेल, कोणीतरी जाळीसकट उचलून नेला.

नकाशा आणि वहीच्या पानाची नक्कल मी तयार करून ठेवली आहे. पाठवायची ती कशासाठी, हे तू मला लिही, मग पाठवतो.

श्रीरंगमामा


अधारताल
२६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दाराशीच उभी राहून वाचलं.

हो, जाळी मी लावली. फोटो काढून झाले तेव्हा देवदत्तजी पडद्यावर बघत होते. म्हणाले, "दीदी, इस पे गार्ड नहीं दिख रहा, बड़े ग्राहक देखते हैं. नौ नंबर वाली मशीन का गार्ड इस पे बिठा दो ना. ऑर्डर दे दिया है, हफ़्ते भर में लग ही जाएगा." मला वाटलं, लागणारच आहे, तर चलो. वीस मिनिटांचं काम. आधी तिरकी बसत होती, ती नीट बसवली तेव्हा तर मी स्वतःवर खूश झाले होते. तुकडा जाळीबरोबर आला हे मला कळलंच नाही.

अपघात झाला तेव्हा मी स्वतःला समजावलं की मला फक्त तारीख विचारली आहे, जाळीचं कोणी विचारलं नाही. तुमच्याकडूनही फक्त तारखेचा पुरावा मागितला. तुम्हाला मी असं वापरलं याची लाज वाटते.

मामा, सगळं लिहिल्यावर मला अजून एक गोष्ट विचारावीशी वाटते. तुम्ही मागितला तरी मी तुम्हाला कॅटलॉग काहून पाठवला? तुम्ही बघाल हे मला माहीत होतं. कदाचित त्यासाठीच.

मूळ फाइल माझ्याकडे आहे. त्यात प्रेस उघडी आहे, आत नथ्थूचा हात आहे, आणि हाताच्या बाजूलाच तुमचा धागा. क्लिकचा आकडा १,५९,९१२. मी ती लेबर ऑफिसात देणार आहे आणि जाळी कोणी बसवली तेही सांगणार आहे. पण तिकडे हेच म्हणतील की ही उघड्या मशीनची फाइल अपघातानंतर, गार्ड काढून, दुसऱ्याचा हात ठेवून बनवली. त्यासाठी तुमचा नकाशा आणि वही हवी. रिछाईत मला यापुढे कोण बोलावेल ते बघू. माझी भीती तुम्हाला सांगून काय उपयोग!

यामिनी


नागपूर
५ मार्च २०२५

चि. यामिनीस,

नक्कल पाठवत नाही. वही घेऊन मीच येतो. कागदाला उलट प्रश्न विचारले तर कागद काय बोलणार? मला ऐकू येत नाही, पण त्यांनी लिहून विचारलं तर मी उत्तर देईन. सुनावणीची तारीख कळव. भिंग, पारदर्शक कागद आणि पांढरा पुठ्ठा बरोबर आणतो, कॅमेरा तू आण. तिथेच दाखवू.

जेवायला पथ्य नाही. तिखट चालतं.

श्रीरंगमामा


अधारताल
२ एप्रिल २०२५

ती. मामांस,
नमस्कार.

तुम्ही नीट पोहोचलात हे तुमच्या दीपाकडून कळलं. त्या दिवशी ऑफिसात काय काय बोलणं झालं ते तुम्ही गाडीत मला कागदावर विचारत होतात आणि मी दोन-दोन ओळींत उरकत होते. आता सविस्तर लिहिते.

तुम्ही खिडकीशी पुठ्ठा धरून फोटो काढलात आणि पडद्यावर ते तेलाचे तीन थेंब दाखवलेत, तेव्हा देवदत्तजींचे वकील म्हणाले होते, "साहब, धूल-मिट्टी से केस चलेगा अब?" लेबर ऑफिसर राजश्री मॅडम म्हणाल्या, "चलने दीजिए, मुझे समझ में आ रहा है." आणि त्या स्वतः उठून तुमच्या शेजारी आल्या. तुमच्या हातातलं भिंग त्यांनी मागून घेतलं ते तुम्हाला आठवत असेल. सहावं पान बघून झाल्यावर त्यांनी नववं बघितलं. मग मला विचारलं, "ये आपने बनाया?" मी हो म्हटलं. "किसके कहने पे?" मी देवदत्तजींचं नाव घेतलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. नंतर वकिलांशी कुजबुजून त्यांनीच कबूल केलं की गार्ड १० जानेवारीला लागला. ऑर्डर खरंच दिली होती, पण माल आला नाही, आणि मग कूलरचा सीझन सुरू झाला, मशीन बंद ठेवली नाही. मला ते खोटं वाटलं नाही, मामा. ते वाईट माणूस आहेत असं मला अजूनही म्हणता येत नाही.

काल लेखी आलं. नथ्थूची चूक नाही असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि भरपाई कारखान्याने द्यायची.

आता जे लिहायचं टाळत होते ते. व्हरांड्यात नथ्थू माझ्याशी बोलला, तुम्ही पाच हातांवर उभे होतात. तुम्ही कागदावर विचारलंत, "काय म्हणाला?" मी लिहिलं, "आभार मानत होता." ते खरं नव्हतं.

त्यानं आधी विचारलं, "दीदी, वो जाली आपने कंप्यूटर पे बनाई थी?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "हम चार महीने से वो मशीन चला रहे थे. हमको लगता था मशीन ऐसी ही होती है. आपको उसी दिन मालूम था कि इसमें कुछ कम है. सेठ को मालूम था. एक हमीं को नहीं बताया."

तो चिडला नव्हता. मला चिडलेलं माणूस चाललं असतं. मीराने त्याचा चांगला हात धरला आणि दोघं पायऱ्या उतरून गेली. त्या दिवशी प्रेससमोर मी दीड तास होते. त्याला मीच सांगितलं होतं, "भैया, हाथ थोड़ा और अंदर, छाया पड़ रही है." मला उजेड नीट हवा होता.

रिछाईतून फोन जवळजवळ बंद झाले आहेत. दोन जुन्या लोकांनी काम दुसऱ्याला दिलं. मागच्या गुरुवारी मात्र एका डाळ मिलने बोलावलं, त्यांना बहुतेक काही माहीत नसावं. मी पोहोचले तेव्हा मालक यायचा होता. चाळणीच्या यंत्राचा पट्टा उघडाच फिरत होता, आणि त्याच्या बाजूला एक बाई पदर खोचून डाळ सारत होती. मी कॅमेरा न काढता आधी तिच्याकडे गेले. म्हटलं, "इस पट्टे पे ढक्कन होना चाहिए. पल्लू फँस सकता है." ती म्हणाली, "कैसा ढक्कन? हमने तो देखा नहीं." मी वहीत काढून दाखवलं, पट्टा कुठे, झाकण कुठे, स्क्रू कुठे लागतात. तिने चार प्रश्न विचारले, सगळे बरोबर. डाळ सारायला जागा किती राहील, सफाईला उघडता येईल का, असे. मग म्हणाली, "ये पन्ना हमको दे दो."

मी ते पान फाडून दिलं.

तेवढ्यात मालक आला. ती यंत्रापासून दोन पावलं मागे सरकली, पान त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "भैयाजी, ये कब लगेगा?"

मालकाने तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

तुमची,
यामिनी